ऐकलं सगळं, कळलं अर्धं

मागच्या महिन्यात या पानावर मी जाता जाता एक ओळ लिहून गेले होते, की परक्या भाषेतले शब्द येणं वेगळं आणि त्या भाषेतलं वाक्य कानावर पडता पडता कळणं वेगळं. त्यावर एवढी पत्रं आली, व्हॉइस मेसेज आले, एकाने तर मच्छीबाजारात गाठून विचारलं, मी पापलेटचा भाव करत असताना. तेव्हा म्हटलं यावेळी शुद्धलेखनाचे प्रश्न बाजूला ठेवू आणि हेच घेऊ.

प्रश्न (देवगड): बाई, मी ३४ वर्षं बँकेत काढली. इंग्रजी पेपर रोज वाचतो, अग्रलेखासकट, क्वचितच शब्द अडतो. पण मुलगा कॅनडात आहे, त्याच्याकडे गेलो की शेजारचा माणूस हवापाण्याचं बोलतो तेवढंही पुरतं कळत नाही. शब्द सगळे ओळखीचे असतात पण वाक्य संपेपर्यंत सुरुवात निसटलेली असते. कान तपासले, ठीक आहेत. वय झालं म्हणायचं का?

काका, वयाचं राहू द्या. दोन तासांचं कीर्तन ऐकताना असं होतं का? नाही ना, मग डोकं शाबूत आहे.

वाचताना आपला डोळा ओळीवरून सरळ सरकतो असं वाटतं पण तो उड्या मारत जातो, आणि चांगल्या सरावातल्या वाचकाच्याही शंभरातल्या १० ते १५ उड्या मागे असतात. म्हणजे अग्रलेख वाचताना तुम्ही सारखे गुपचूप मागे जाऊन येता आणि तुम्हालाच पत्ता नसतो. बोलण्यात ही सोय नाही. साध्या गप्पांत मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द येतात म्हणजे सेकंदाला अडीच, आणि प्रत्येक शब्द ओळखायचा, त्याचा अर्थ काढायचा आणि आधीच्या शब्दांना जोडायचा. मराठीत ही तिन्ही कामं आपोआप होतात. इंग्रजीत पहिली दोन तुमची होतात, तिसरं अर्धं होतंय तोवर पुढचा शब्द दारात उभा.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या, पावसाळ्यात रत्नागिरी स्टेशनवर गाडीची घोषणा. पत्र्यावर पाऊस कोसळतोय, त्यात मराठी घोषणेतलं अर्धं ऐकूच येत नाही तरी गाडी कुठची, फलाट कुठला ते आपल्याला बरोबर कळतं, गाळलेल्या जागा आपण भरतो. तीच घोषणा इंग्रजीत आली की आजूबाजूचे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात (मी ३० वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलंय आणि मीही बघते). अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणाऱ्या आणि इंग्रजी उत्तम येणाऱ्या लोकांवर १९९७ साली एक अभ्यास छापून आला होता, त्यात हेच दिसलं: मागून गोंगाट सुरू केला की इंग्रजी उशिरा शिकलेले लोक फार लवकर कोलमडतात, आणि वाक्याच्या सुरुवातीवरून पुढचा शब्द ओळखायचा फायदाही त्यांना कमी मिळतो.

अजून एक भानगड आहे ती वाक्याच्या घडणीची. मराठीत कोण कुठे बसलंय याला फार किंमत नाही, शेपटीला काय लावलंय ते महत्त्वाचं. "कुत्र्याला माणूस चावला" म्हटलं तर कुत्रा आधी आला म्हणून कोणी कुत्र्याला दोष देत नाही, "ला" ऐकला आणि निकाल लागला. इंग्रजीत शेपट्या जवळजवळ नाहीतच, जागा हेच सगळं. एलिझाबेथ बेट्स आणि ब्रायन मॅकव्हिनी या दोघांनी १९८० च्या दशकात वेगवेगळ्या भाषांच्या लोकांना मुद्दाम विचित्र वाक्यं ऐकवली, निर्जीव वस्तू जनावराला काहीतरी करतेय अशी, आणि विचारलं की हे केलं कोणी. इंग्रजीवाले क्रमावर गेले, इटालियन लोकांनी क्रमाला फारसं विचारलं नाही, ते क्रियापद कुणाशी जुळतंय ते बघत बसले. प्रत्येक भाषा आपल्याला लहानपणीच सांगून ठेवते की कुठल्या खुणेवर भरवसा ठेवायचा, आणि दुसरी भाषा शिकलो तरी घाईत आपण जुन्याच खुणा शोधतो. तुम्ही शेजाऱ्याच्या वाक्यात नकळत शेपट्या शोधताय काका, आणि शेवटी क्रियापद येईल म्हणून थांबताय, ते मगाशीच येऊन गेलेलं असतं.

उपाय विचारला नाहीत पण सांगते. इंग्रजी मालिका इंग्रजीच सबटायटल लावून बघा, हिंदी किंवा मराठी नको. २००९ साली हॉलंडच्या लोकांना स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन उच्चारांचं इंग्रजी ऐकवून बघितलं, तर इंग्रजी सबटायटलवाल्यांचा कान पुढच्या नव्या वाक्यांसाठी सुधारला आणि डच सबटायटलवाल्यांचा उलट थोडा मागे गेला.

प्रश्न (मालवण): बाईंनू, माका येक सांगा. घरात आमी मालवणी बोलतंव, शाळेत मराठी शिकलंव, आता होमस्टे हा म्हणून पर्यटक इले की हिंदी नायतर इंग्लिश. मगे माज्या डोक्यात आधी खयची भाषा चलता? मी आधी मालवणीत करतंय आणि मगे इंग्लिशीत काय?

तुमचा प्रश्न आहे तसाच छापला, मराठीत करून घेतला असता तर मजाच गेली असती.

आधी ही मग ती, अशी रांग डोक्यात नसते. सगळ्या भाषा एकदमच जाग्या असतात आणि जी नको आहे ती फक्त दाबून धरलेली असते. १९९९ मध्ये मारियन आणि स्पायव्ही यांनी रशियन-इंग्रजी दोन्ही येणाऱ्या लोकांना इंग्रजीत "मार्कर उचला" म्हणून सांगितलं, समोर मार्कर होता आणि एक पोस्टाचं तिकीटही, आणि रशियनमध्ये तिकिटाला "मार्का" म्हणतात. लोकांनी उचलला मार्करच, पण डोळे आधी क्षणभर तिकिटाकडे वळून आले. २००७ मध्ये थिअरी आणि वू यांनी चिनी माणसांना इंग्रजी शब्दांच्या जोड्या वाचायला दिल्या, त्यातल्या काही जोड्यांची चिनी भाषांतरं लिहिली तर एक अक्षर दोन्हीकडे सारखं येत होतं. वाचणाऱ्यांना याचा काहीच पत्ता नव्हता, मेंदूच्या लहरींना मात्र बरोबर लागला.

म्हणजे तुम्ही भाषांतर करत नाही, मालवणी आपणहून येऊन बसते. वाक्यांच्या साच्यांचंही तसंच आहे, स्पॅनिशमध्ये कर्मणी वाक्य ऐकवलं की स्पॅनिश-इंग्रजी लोक पुढच्या चित्राचं वर्णन इंग्रजीतही कर्मणी करायला लागतात, हे २००४ मध्ये दाखवलंय. त्यामुळे तुमच्या तोंडून पाहुण्यांसमोर "यू फिश विल ईट, नो?" असं निघालं तर ते साहजिक आहे, आणि मासे चांगले असतील तर कोणी व्याकरण काढणार नाही.

मालवणी ही मराठीची बोली की कोंकणीची, हे कृपा करून मला विचारू नका, मला याच किनाऱ्यावर राहायचंय.

प्रश्न (रत्नागिरीजवळचे एक बागायतदार): आमच्याकडे कलमांच्या राखणीला आणि काढणीला नेपाळी माणसं आहेत, तिसरं वर्ष. मराठी बऱ्यापैकी कळतं त्यांना, बोलतातही. पण काही काही वाक्यांचं नेमकं उलटं करतात. परवा सांगितलं, "पेटी भरायच्या आधी आंबे सावलीत पसरून ठेव", तर आंबे सरळ पेटीत. चीक लागून डाग पडले. मुद्दाम करतात असं नाही, माणसं चांगली आहेत. मग चुकतं कुठे?

भाऊ, तुमच्या वाक्यात. रागावू नका.

तुम्ही पेटी आधी बोललात आणि ती भरायची नंतर आहे. आंबे नंतर बोललात आणि ते पसरायचे आधी आहेत. हे आपल्याला जाणवत नाही कारण "भरायच्या आधी" ऐकल्या ऐकल्या आपण मनात तो तुकडा पुढे ढकलून देतो. पण याला आपल्या भाषेतसुद्धा कष्ट पडतात बरं का. १९९८ मध्ये म्यून्टे, शिल्ट्स आणि कुटास यांनी "आधी" आणि "नंतर"ने सुरू होणारी इंग्रजी वाक्यं इंग्रजी मातृभाषेच्याच लोकांना दिली होती, तर "आधी"च्या वाक्यांत मेंदूच्या लहरी पहिल्या शब्दापासूनच वेगळ्या दिसायला लागल्या, कारण घडल्याचा क्रम आणि सांगितल्याचा क्रम उलटा होता. आता हेच परक्या भाषेत, अंगावर ऊन, हातात झेला, आणि सांगणारा माणूस घाईत. त्याने "पेटी", "भर", "आंबे" हे मोठे शब्द उचलले आणि बागेत एरवी काय करतात त्यावरून वाक्य स्वतःच जुळवलं. नव्वद टक्के वेळा असं जुळवलेलं बरोबर निघतं, म्हणून तर तुमचं तीन वर्षं चाललं.

या जुळवण्यावर भाषेच्या अभ्यासकांत मोठा वाद आहे. क्लासेन आणि फेल्सर यांनी २००६ मध्ये मांडलं की मोठेपणी शिकलेल्या भाषेत माणूस वाक्याचा आतला सांगाडा पुरता बांधतच नाही, तो शब्दांचे अर्थ आणि जगाचं ज्ञान यावर भागवतो, सांगाडा उथळच राहतो. दुसरे म्हणतात, असं काही नाही, सांगाडा बांधता येतो पण वेळ पुरत नाही आणि डोक्यात जागा पुरत नाही. मला दुसरं पटतं. कारण तुमच्याच माणसाला तेच वाक्य सावकाश, तुकडे करून, कोपऱ्यात बसवून विचारा, बरोबर सांगेल.

आणि एक गंमत. नेपाळी आपल्याला परकी वाटते पण घडण पुष्कळशी आपल्यासारखीच आहे, क्रियापद शेवटी, "ने"सारखा "ले". फक्त आपण "मी आंबा खाल्ला, मी कैरी खाल्ली" असं क्रियापद फळाशी जुळवतो आणि ते "मैले आँप खाएँ" म्हणून क्रियापद स्वतःशी जुळवतात. त्यामुळे तो "मी पेटी भरलो" म्हणाला तर हसू नका. आपणही "मी चहा प्यायलो" आणि "मी धडा शिकलो" म्हणतोच की, तिथे कुठे चहाशी जुळवतो.

तर असं सांगा: "आधी आंबे सावलीत पसर. चीक जाऊ दे. मग पेटी भर." तसंच "मी हाक मारल्याशिवाय पंप बंद करू नको" यात "शिवाय" आणि "नको" असे दोन नकार आहेत, त्याऐवजी "पंप चालू ठेव, मी हाक मारली की बंद कर" म्हणा.

प्रश्न (वेंगुर्ला): माझी सून केरळची आहे. मल्याळी. चार वर्षांत मराठी इतकं छान बोलायला लागली की आम्हीच थक्क. पण "चमचा पडली" आणि "वाटी कुठे ठेवला" काही जात नाही. मला त्याचं काही नाही हो. पण जेवायला बसल्यावर घाईत काही मागितलं तर क्षणभर थांबते आणि मग देते, नणंदेला वाटतं मुद्दाम करते. हे लिंगाचं ऐकण्यातही आड येतं का?

येतं. आणि नणंदेला हे पान वाचायला द्या.

ओट्यावर चमचा, वाटी आणि पातेलं आहे असं धरा. तुम्ही म्हणालात, "अगं ती मोठी..." आणि शिंक आली. तुमच्या मुलीचा हात वाटीकडे गेलेला असेल, कारण "ती मोठी"ने चमचा आणि पातेलं कधीच बाद केले. आपल्याला हे लिंग म्हणजे पाठांतराचा त्रास वाटतो, पण ऐकणाऱ्याला ती आगाऊ चिठ्ठी असते, शब्द यायच्या आत निम्मे पर्याय खोडून टाकणारी. स्पॅनिशमध्ये ल्यू-विल्यम्स आणि फर्नाल्ड यांनी हे मोजलंय. तीन वर्षांची पोरं "ला" किंवा "एल" एवढ्यावरून बरोबर चित्राकडे लवकर बघतात (हा "ला" आपला नव्हे, त्यांचा स्त्रीलिंगी), ते २००७ मध्ये छापून आलं. मग २०१० मध्ये मोठेपणी स्पॅनिश शिकलेल्यांना तेच दिलं तर त्यांना त्या चिठ्ठीचा फायदा तसा घेता येत नव्हता, ते सरळ नामाची वाट बघत थांबत होते. तुमच्या सुनेचा तो क्षण हाच. मल्याळममध्ये तर क्रियापद लिंगाप्रमाणेच काय, वचनाप्रमाणेही बदलत नाही, तिच्या कानाला अशा चिठ्ठ्या वाचायची सवय कुठून असणार? आणि आपली लिंगं तरी काय शहाणी आहेत, दार नपुंसक, खिडकी बाई आणि दरवाजा पुरुष!

पण यात आशाही आहे. वॉशिंग्टन विद्यापीठात फ्रेंच शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला, २००४ मध्ये आला तो. जेमतेम १४ तास शिकवणी झाल्यावर त्यांना विचारलं, हा खरा फ्रेंच शब्द की बनावट? उत्तरं निव्वळ अंदाजपंचे होती. पण डोक्याला लावलेल्या तारा सांगत होत्या की मेंदूला दोन्हींतला फरक कळायला लागलाय. आतल्या आत आधी येतं, तोंडात नंतर. सून चुकते तेव्हा थांबवून दुरुस्त करू नका, फक्त पुढच्या वाक्यात बरोबर रूप सहज येऊ द्या: "हो गं, चमचा पडला वाटतं."

प्रश्न (रत्नागिरी, एम.ए.ची विद्यार्थिनी): आम्हाला वर्गात "द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल" हे वाक्य दिलं. अर्धा तास डोकं आपटलं. मॅडम म्हणाल्या इंग्रजांनाही कळत नाही. मग मराठीत अशी फसवी वाक्यं आहेत का, आणि परक्या भाषेत माणूस जास्त फसतो का?

थॉमस बीव्हरने १९७० मध्ये आणलेलं हे वाक्य, तेव्हापासून जगभरच्या विद्यार्थ्यांना छळतंय. "गोठ्यावरून पळवलेला घोडा पडला" एवढाच अर्थ आहे. "रेस्ड" ऐकून आपण धरून चालतो की घोडा पळाला, वाक्य संपलं असं वाटतं आणि मग "फेल" येऊन पायात घुटमळतं.

मराठीत? हे घे: "मामाने कुत्र्याला दगड मारणाऱ्या पोराला पकडलं." "दगड"पर्यंत मामाच गुन्हेगार आहे. "णाऱ्या" आला की मामा सुटला. फरक एवढाच की आपल्याला हे सारखं करावं लागतं, क्रियापद शेवटी असल्यामुळे शेवटपर्यंत निकाल राखून ठेवायची सवयच आहे, म्हणून ठेच लागलेली जाणवत नाही. जाणवायला यंत्र लागतं. बटण दाबलं की एक शब्द, परत दाबलं की पुढचा, आणि कुठल्या शब्दावर किती मिलिसेकंद थांबलात ते मोजतात. तुमच्या कॉलेजात एक कॉम्प्युटर आणि वीस मैत्रिणी मिळाल्या तर तू हे मराठीत करून बघ, मला खरंच निकाल हवाय.

आणि हे दुसरं घे: "पडवीत बसलेल्या मामीच्या भावाला हाक मार." पडवीत कोण बसलंय, मामी की भाऊ? घरात चार जणांना विचार, भांडणं लागतील. असंच इंग्रजी-स्पॅनिशचं जुनं वाक्य आहे, बाल्कनीत उभ्या असलेल्या नटीच्या नोकराला कोणीतरी गोळी घातली, या अर्थाचं. बाल्कनीत कोण? १९८८ मध्ये क्वेतोस आणि मिचेल यांनी दाखवलं की स्पॅनिश लोक जास्त करून नोकर म्हणतात आणि इंग्रज तेवढे म्हणत नाहीत. मग २००३ मध्ये ग्रीक शिकलेल्या स्पॅनिश, जर्मन आणि रशियन लोकांना ग्रीकमध्ये हे दिलं. ग्रीक लोकांचा कल नोकराकडे, या तिघांच्याही मातृभाषेत कल नोकराकडेच. म्हणजे तोच यायला हवा ना? नाही आला. परक्या भाषेत त्यांचा कुठेच ठाम कल दिसला नाही. पण वाक्यात "चा"च्या जागी "बरोबर" अशा अर्थाचा शब्द घातला, की लगेच त्यांची पसंती ठरली. क्लासेन-फेल्सरची ती उथळ सांगाड्याची कल्पना अशाच प्रयोगांतून आली, शब्दाचा आधार मिळाला की जमतं, नुसत्या घडणीवर निर्णय घ्यायचा तर गाडी अडते. वर बागायतदारांना मी दुसरी बाजू पटते म्हटलं, तरी हा प्रयोग मला अजून पुरता पचलेला नाही, हे कबूल करते.

मातृभाषावाल्यांनीही फार ऐटीत राहू नये. २००१ मध्ये ख्रिस्तियान्सन, फरेरा वगैरेंनी इंग्रजी मातृभाषेच्याच लोकांना असं वाक्य दिलं की अ‍ॅना स्वतः कपडे घालत असताना बाळ दुधाची गुळणी काढतं, पण इंग्रजीत ते वाचताना आधी वाटतं अ‍ॅना बाळालाच कपडे घालतेय. सगळं वाक्य संपल्यावर विचारलं, अ‍ॅनाने बाळाला कपडे घातले का? पुष्कळांनी हो म्हणून सांगितलं. चुकीचा पहिला अर्थ पुसलाच गेला नव्हता.

प्रश्न (दापोली): माझं वय ५८. मुलगी जर्मनीत, नातू तिकडेच जन्मला, तो जर्मनच बोलतो. ऑनलाइन क्लास लावलाय. मैत्रिणी हसतात. जमेल का हो?

जमेल. २०१८ मध्ये ६ लाख ७० हजारांच्या आसपास लोकांची ऑनलाइन इंग्रजी व्याकरणाची चाचणी घेऊन निष्कर्ष काढला होता की व्याकरण पटकन उचलायची ताकद साधारण १७-१८ वर्षांपर्यंत टिकते आणि मग उतरते. हे मैत्रिणींना सांगू नका, त्यांना वाटेल त्याच जिंकल्या. त्यात प्रश्न वेगाचा आणि अगदी मातृभाषेसारखं येण्याचा होता, नातवाशी गप्पा मारता येण्याचा नव्हता.

तुमच्याकडे दोन गोष्टी आयत्या आहेत. तीन लिंगं आपल्याला नवीन नाहीत. आणि जर्मनमध्ये "डेन हुंड बाइस्ट डेर मान" म्हटलं की चावला माणूस, कुत्रा नव्हे, कारण "डेन" म्हणजे जवळपास आपला "ला". इंग्रजी बोलणारे शिकाऊ इथे हमखास कुत्र्यालाच चावायला लावतात. तुम्ही "कुत्र्याला माणूस चावला" म्हणून सोडून द्याल. शिवाय गौण वाक्यात (म्हणजे मुख्य वाक्याला टेकून येणाऱ्या वाक्यात) त्यांचंही क्रियापद शेवटी जाऊन बसतं, तिथे तर घरी आल्यासारखं वाटेल. "डेर" आणि "डेन"मधला तो एवढासा फरक फोनवर ऐकू येणं हेच अवघड जाईल, तेव्हा सुरुवातीला व्हिडिओ कॉलच करा, आणि मुलीला सांगून ठेवा की नातवाने हळू बोलायची गरज नाही, फक्त मध्ये मध्ये थांबावं.